बदल्यात काहीच नाही

देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर मुंबईचा कचरा १९२७ पासून येतो आहे. खाडीकाठची दलदल आधी भरली, मग कचऱ्यावर कचरा चढत त्याचे डोंगर झाले. त्या डोंगरांच्या पायथ्याशी शहराने पुढे माणसंही आणून सोडली. सत्तरच्या दशकात ठिकठिकाणच्या झोपड्या उठवल्या आणि शिवाजी नगरात दहा बाय पंधरा फुटांचे प्लॉट आखून दिले. १९७६ साली जनता कॉलनी हलवली, तिचा चिता कॅम्प झाला. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेली, नंतर उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबं बैंगणवाडीत, रफीक नगरात, मानखुर्दच्या भरावावर जागा मिळेल तशी राहू लागली. महापालिकेच्या नकाशावर हा एम पूर्व विभाग. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत त्याचा नंबर शेवटचा होता.

या भागात मी ख्रिस्ती सेविका म्हणून काम करते. आमची मंडळी मराठी, बहुतेकांची मुळं नगर-जालन्याकडची. भाड्याच्या एका खोलीत सकाळी बालवाडी भरते. दुपारी तिथेच बायका कागदपत्रं घेऊन येतात आणि रविवारी संध्याकाळी त्याच जागेत सतरंजी अंथरून उपासना होते. उरलेल्या वेळात टीबीच्या पेशंटांची घरं गाठायची, हे माझं मुख्य काम.

कुठल्याही घरात पहिल्यांदा काही घेऊन गेलं, मग त्या वह्या असोत नाहीतर रेशनचं किट, एक प्रश्न हमखास येतो. मराठी घरात तो येतो, "ताई, बदल्यात काय करायचं?" जरीच्या कारखान्यात येतो, "दीदी, इसके बदले में क्या?" विचारणाऱ्याच्या आवाजात राग नसतो. भाजीचा भाव विचारावा इतक्या सहज तो विचारला जातो.

हा प्रश्न वस्तीने अनुभवातून कमावला आहे. इथे फुकट काही मिळत नाही, आणि हक्काचं म्हणून जे मिळायला हवं तेसुद्धा कुणाच्या तरी मेहेरबानीने मिळतं. झोपडीच्या फोटोपाससाठी दलाल लागतो, शाळेतल्या प्रवेशासाठी ओळख लागते, नळासाठी पुढारी लागतो. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती अनधिकृत असली म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, २००० सालानंतरच्या झोपड्यांनाही पाणी द्या. तरी डम्पिंगच्या कडेच्या गल्ल्यांत बाया त्यानंतरही गॅलनवर पैसे मोजून पाणी विकत घेत राहिल्या. ज्याला पाण्याचाही हिशेब चुकवावा लागतो, त्याने येशूच्या नावाने दारात आलेल्या बाईला किंमत विचारली तर त्यात नवल काय?

इतक्या वर्षांत माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. या प्रश्नाला आम्ही काय उत्तर देतो, त्यावर आमच्या सगळ्या प्रवचनांचा खरेपणा ठरतो. उत्तर 'काहीच नाही' हेच असलं पाहिजे, आणि ते सहा महिन्यांनंतरही खरं ठरलं पाहिजे.

हे शहाणपण माझं नाही, माझ्या आजीचं आहे. ती नगर जिल्ह्यात बायबल बाई होती. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ साली नगरला गेलं. त्यांच्या कामात गावोगाव पायी फिरणाऱ्या या देशी बायकांचा वाटा मोठा होता, पण त्यांची नावं फारशी कुठे छापली गेली नाहीत. आजी बायकांना अक्षरं शिकवायची, बाळंतपणाला धावायची, संध्याकाळी शुभवर्तमान वाचून दाखवायची. आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा तिच्या आधीच्या पिढीतला, दुष्काळाच्या काळातला. १८७६ ते ७८ च्या आणि पुन्हा शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनच्या आश्रयाला गेलेल्या कुटुंबांवर 'भाकरीसाठी बाटले' असा शिक्का बसला, तो आमच्यावरही होता. आजीला त्याची लाज वाटत नसे. ती म्हणायची, भुकेल्याने भाकरी घेतली यात त्याचं काय चुकलं? विचारायचं तर देणाऱ्याला विचारा, की बाबा, भाकरीबरोबर तू आणखी काही मागितलंस का? आमच्या समाजावरून झालेल्या सगळ्या वादांत मला यापेक्षा नेमकं बोललेलं कुणी आढळलं नाही. जाब गरिबाला विचारायचा नाही, देणाऱ्याला विचारायचा.

वस्तीत काम कसं करावं याचा धडाही आमच्याच परंपरेत आहे, फक्त तो आपण विसरलो. याच अमेरिकन मराठी मिशनमधून डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली मुंबईत आले. नागपाडा तेव्हा दाट, गरीब, कष्टकऱ्यांचा भाग. मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती सगळे एकमेकांना खेटून राहणारे. मॅन्शार्ट यांनी तिथे नागपाडा नेबरहुड हाउस चालवलं आणि त्याची दारं सगळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांना सारखीच उघडी ठेवली. बास्केटबॉलमध्ये नागपाड्याचं नाव पुढे देशभर झालं, त्याची पाळंमुळंही तिथल्या मैदानात आहेत. त्याच कामातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था निघाली आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. १९४४ साली तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४ साली ती देवनारला आली, म्हणजे आमच्या हाकेच्या अंतरावर. तिथली मुलं हातात फॉर्म घेऊन आमच्या गल्ल्यांत येतात, तेव्हा मी त्यांना चहा पाजते आणि ही गोष्ट सांगते. भारतातलं समाजकार्याचं हे पहिलं विद्यालय एका मिशनऱ्याच्या वस्तीकामातून उगवलं, आणि ते कुठल्या एका धर्माचं न राहता सगळ्यांचं झालं. मला यात ख्रिस्ती कामाचा पराभव दिसत नाही. काम मुळात कशासाठी करायचं असतं, ते मला इथे दिसतं.

आता टीबीबद्दल. आमच्याकडे हा आजार घरोघरी आहे आणि त्याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात, वारा खेळायला खिडकी नसते, वर कचऱ्याचा धूर. २०१६ च्या जानेवारीत डम्पिंग पेटलं, तेव्हा तो धूर साऱ्या मुंबईने पाहिला आणि पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या मुलांच्या छातीत त्याआधीही धूर होता आणि नंतरही राहिला.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या सरकारी डॉट्स केंद्रात मोफत मिळतात, वजनाप्रमाणे. २०१८ पासून पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये खात्यात येऊ लागले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते हजार झाले. म्हणजे औषध आहे, पैसेही थोडे आहेत. माणूस तुटतो तो मधल्या वाटेवर. रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर होते, पहिल्या आठवड्यात पेशंट घाबरून सांगतो की रक्त जातंय. म्हणून हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं लागतं. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं, आणि भरल्या पोटी घ्यायला पोट भरावं लागतं. कारखान्यातच झोपणारा पोरगा मालकाला कळेल या भीतीने पाकीट उशीखाली लपवतो. सणाला गावी गेला की कोर्स तुटतो. आणि सगळ्यात मोठा धोका दोन महिन्यांनंतर येतो. खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर थोडं मांस चढतं, माणसाला वाटतं आपण बरे झालो. नेमकं तेव्हाच कुणीतरी दार वाजवून विचारायला हवं, "आजची घेतली का?"

जालन्याकडचे एक दादा आहेत, नाक्यावर बिगारी काम करणारे. त्यांना असाच दोन महिन्यांनी आराम पडला. त्याच सुमाराला ते बाहेरच्या एका आरोग्य-सभेला, प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला, जाऊन आले. मैदान, मोठे स्पीकर, दुरून आलेला प्रचारक. ज्याचा विश्वास आहे त्याने औषधं टाकून द्यावीत, असं त्या मंचावरून सांगितलं गेलं. दादांनी घरी येऊन गोळ्यांची पाकिटं पत्र्याच्या पेटीमागे कोंबली. वहिनींनी मला नळावर हे सांगितलं, तेही इकडेतिकडे बघत, हळू आवाजात. संध्याकाळी मी घरी गेले. दादा खाटेवर बसले होते, धाकटी मुलगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून अभ्यास करत होती. ते म्हणाले, "ताई, येशू बरं करतो असं तुम्हीच सांगता ना? मग गोळी खाल्ली म्हणजे अविश्वास नाही का झाला?"

हा प्रश्न खरा होता, आणि तो विचारणाऱ्याचा विश्वास माझ्यापेक्षा कमी नव्हता. मी त्यांना चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा सांगितली, जी त्यांना पाठ होती. वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस, त्याच्याकडे पाहून पुढे निघून गेलेले धर्माचे अधिकारी, आणि थांबलेला परका. तो परका काय करतो? जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि पुढचा खर्च भरायची हमी देतो. तेव्हाचं औषध ते होतं. येशूने ही गोष्ट सांगताना त्या माणसाकडून एक प्रार्थनाही म्हणवून घेतलेली नाही. मग जे साधं होतं ते सांगितलं. कोर्स अर्धवट सुटला की जंतू निबर होतो, मग साधी औषधं लागू पडत नाहीत, आणि तसा टीबी या लेकरालाही होऊ शकतो. दादा बराच वेळ गप्प होते. वहिनींनीच पेटी सरकवली, पाकिटं काढली, तांब्या पुढे केला. त्यांनी गोळ्या घेतल्या. मग मी प्रार्थना केली.

तेव्हापासून आमच्या मंडळीत हा नियम आहे, आधी गोळी, मग प्रार्थना. दुसरा नियम साक्षीचा. बरं झाल्याची साक्ष उपासनेत द्यायला आम्हाला आवडतं, पण टीबीच्या पेशंटाने शेवटची बेडका तपासणी होऊन डॉक्टरांनी कोर्स संपल्याचं सांगितल्याशिवाय उभं राहायचं नाही. दादांनी आपला कोर्स पुरा केला आणि मग साक्ष दिली. देवाचे आभार मानताना त्यांनी डॉट्स केंद्रातल्या आरोग्यसेविकेचंही नाव घेतलं. माझ्या मते त्या खोलीत दिली गेलेली ती सगळ्यात शुद्ध साक्ष होती.

सगळे वाचत नाहीत. जरीच्या कारखान्यातला बिहारचा एक मुलगा गावी गेला, तिथे औषध सुटलं, परत आला तेव्हा औषधांना दाद न देणारा टीबी झाला होता. त्याची अम्मी शेवटच्या महिन्यांत मुंबईला आली. ती मला म्हणायची, "दुआ करो, बेटी." मी तिच्यासमोर हात जोडून दुआ करायचे, ती तिच्या पद्धतीने हात उचलायची. मुलगा गेला त्या दिवशी मी बायकांमध्ये जाऊन बसले. दुपारभर बसले, चहाची भांडी विसळली. येशूचं नाव मी त्या घरात काढलं नाही. मी तिथे त्याच्याच नावाने आले होते हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

प्रार्थना मागणारे फक्त आमच्यातले नसतात, हे बाहेरच्या लोकांना पटत नाही. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातली मावशी नातवाच्या परीक्षेसाठी प्रार्थना करायला सांगते. देवीचा उपवास धरणारी शेजारीण नवऱ्याची दारू सुटावी म्हणून डोकं पुढे करते. गरीब माणूस देवाच्या बाबतीत उदार असतो, कुठूनही आलेला आशीर्वाद तो परत पाठवत नाही. मी मागणाऱ्यासाठी प्रार्थना करते, आणि त्या मागण्याचा दुसरा कुठला अर्थ काढत नाही. तिला आमच्या रजिस्टरमध्ये लिहीत नाही, पुढच्या रविवारी का आली नाहीस म्हणून विचारत नाही.

काहीजणांना मात्र खरोखर ख्रिस्ती व्हायचं असतं. ढोलकी-टाळावर भजन सुरू झालं की दारात उभ्या राहणाऱ्या बाया आत येऊन बसतात. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला मराठी भजन-कीर्तनात आणलं ते किती मोठं काम होतं, हे मला पुस्तकांपेक्षा त्या दारात जास्त कळतं. कुणी बाप्तिस्म्याचं विचारलं की आमचे पाळक घाई करत नाहीत. घरच्यांना कळवलंय का, हे ते आधी विचारतात. त्या काळात आमच्याकडून सुरू असलेली कुठलीही मदत ना वाढते ना कमी होते. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्याला आजही नाही. म्हणजे पाण्यात उतरून वर आलेल्या बाईच्या मुलाची शिष्यवृत्ती आणि आरक्षित जागा जाऊ शकते. गल्लीत तिची जात कुणी विसरत नाही, फक्त कागद विसरतो.

मानखुर्दच्या एका आईने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, पोराचं इंजिनिअरिंग होऊ दे. देव थांबंल ना तोवर?" मी म्हटलं, थांबेल. ती आजही उपासनेला येते, मागच्या बाजूला बसते, भजनात तिचा आवाज सगळ्यात मोकळा लागतो. आमिषाने माणसं बाटवली जातात असं म्हणणाऱ्यांनी या आईचा हिशेब करावा. आमच्याकडे येण्यात मिळकत नाही, गमावणं आहे. आणि आपल्या विश्वासासाठी एवढी किंमत कुठल्याही नागरिकाला मोजावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

तरीही आमिषाच्या आरोपाकडे मी कानाडोळा करत नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की धर्माच्या प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. पण मला मर्यादा घालायला न्यायालय लागू नये. माझी मर्यादा लूकच्या शुभवर्तमानात आहे. दहा कुष्ठरोगी बरे होतात, त्यातला एकच आभार मानायला परत येतो, आणि तोही परका, शोमरोनी. येशूला बाकीच्या नऊजणांची आठवण होते, तो विचारतोही. पण त्या नऊजणांचं बरेपण तो काढून घेत नाही. ते आपापल्या वाटेने जातात, निरोगी. ज्याच्या नावाने मी वस्तीत जाते त्याने दहाजणांना दिलं आणि नऊजणांना तसंच जाऊ दिलं. मग मी रेशनच्या किटबरोबर रविवारचं आमंत्रण कशी जोडू?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये हे रोज तपासलं गेलं. नाक्यावरचं काम बंद, कारखाने बंद, भंगाराचे काटे बंद. आम्ही तांदूळ, डाळ, तेल, साबण वाटत होतो. एका बुरखेवाल्या भाभीने न मागता आधार कार्ड पुढे केलं, मग विचारलं, "इतवार को आना पड़ेगा?" मी म्हटलं, "नाही भाभी, कार्डही नको." तिने पिशवी उचलली आणि गेली. थोड्या दिवसांनी ती परत आली ती कागदावर नावं घेऊन. आपल्या गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्या, बाळंतीण, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, सगळं तिने लिहून आणलं होतं. हिंदू, मुसलमान, आमचे, सगळे त्यात होते. पुढचं वाटप तिच्या यादीने झालं. विश्वास टाकणं हेच करतं, घेणारा माणूस देणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहतो.

आमचीच माणसं मला आग्रहाने विचारतात, "किती जण आले प्रभूत?" अहवालात त्यासाठी रकाना असतो. मी त्या पानाला जोड म्हणून किती कोर्स पुरे झाले, किती मुलं बालवाडीतून पालिकेच्या शाळेत गेली, हे लिहून देते. कुणाच्या मनात देवाने काय केलं ते मोजायचं माझ्या हातात नाही. मला तो अधिकारही नको.

आणि मग कुणी विचारतं, हे सगळं तर सरकारी आरोग्यसेविकाही करते, मग ख्रिस्ती म्हणून कशाला करता? मी करते, कारण या लोकांत तो आहे असं मी मानते. भुकेल्याला दिलं ते मला दिलं, आजाऱ्याला भेटलात ते मला भेटलात, असं त्याने शिकवलं, आणि मी ते शब्दशः घेते. म्हणून पाच मजले चढून जाणं मला जड जात नाही आणि दार तोंडावर आपटलं तरी दुसऱ्या दिवशी जाता येतं. हे मी कुणापासून लपवत नाही, विचारलं तर आनंदाने सांगते. सांगणं माझा हक्क आहे, आणि मानायचं की नाही हा ऐकणाऱ्याचा.

मंडळ्यांमधून तरुण मुलं-मुली वस्तीत काम करायला येतात, त्यांना मी आधी डॉट्स केंद्राची वेळ, रेशन दुकानाची वेळ आणि पाणी येण्याची वेळ शिकायला लावते. एका रात्रीच्या आरोग्य-सभेसाठी मंडप, स्पीकर, प्रवास यांवर वर्गणी गोळा करणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, की तोच पैसा वस्तीत राहणाऱ्या पूर्णवेळ सेविकेच्या पगाराला लावा. तिला चार वर्षं द्या, दहा वर्षं द्या. गल्लीत कुणाला उसना चहा लागतो, कुणाची गोळी चुकली, कुणाच्या पोराची फी राहिली, हे तिला कळायला तेवढा काळ जातो. तेवढा काळ राहून, बदल्यात काहीही न मागता जो काम करू शकेल, त्यानेच वस्तीत येशूचं नाव घ्यावं.